मोरेश्वर मिस्त्रींचे नऊ एल्बो

परवा आमच्या न्हाणीत नवा पाइप टाकायला नळवाला आला होता. गच्चीवरच्या टाकीपासून सरळ खाली उतरला असता तर दोन वळणांत काम होतं. पण त्यानं खिडकीला वळसा घातला, कपाटामागून फिरवला, भिंतीच्या कडेकडेनं आणला. मी पाटावर बसून मोजत होते. सात एल्बो झाले, म्हणजे पाइपाचे सात कोपरे.

म्हटलं, "बाबा रे, सात एल्बो घातलेस. पाणी इथं पोचेपर्यंत रडकुंडीला येईल."

"आजी, त्यातलं तुमाला काय कळतं?" म्हणाला हसून, आणि ऐटीत नळ उघडला. करंगळीएवढी धार. तो एकदा नळाकडे बघतो, एकदा माझ्याकडे. "तुमाला कोणी शिकवलं हे?"

"मोरेश्वर मिस्त्रींनी," म्हटलं. तीस वर्षं होऊन गेली, पण त्या माणसाचं नाव काढलं की आधी छातीत धस्स होतं, मग बाकीचं आठवतं. का, ते सांगते. पण मला क्रमानं सांगू द्या, नाहीतर मी भरकटते.

आम्ही कुंभवलीचे. आमची शेतं कारखान्यांच्या वसाहतीत गेली तेव्हा घरटी एकाला नोकरी देऊ म्हणाले होते. आमच्या ह्यांना कारखान्याचा वास सोसेना. ते उरलेल्या तुकड्यावर भात लावत राहिले आणि नोकरीवर मी गेले. सासूबाई आठ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. कारखाना रंगाचा, कपड्यांना लावायचे ते रंग. 'नोकरी' म्हणजे तरी काय, ठेकेदाराकडं झाडलोट. शाळा तिसरीपर्यंत, बाकीचं वाचायला मी वाण्याच्या पुड्यांवरून शिकले होते.

पहिल्याच दिवशी मला पंपहाऊस झाडायला धाडलं. आत शिरते तर काय, खाकी हाफ पँटीतला एक किडकिडीत माणूस, हातात हातभर लांब पेचकस. त्याचं टोक लोखंडी पाइपाला टेकवलेलं आणि लाकडी मुठीला याचा कान चिकटलेला. डोळे मिटलेले. हलत नाही, बोलत नाही. म्हटलं, याला विजेनं धरलं! शॉक लागलेल्याला लाकडानं सोडवायचं एवढं मला ठाऊक होतं. मी झाडूचा दांडा उचलला आणि दिला त्याच्या मनगटावर ठेवून.

"ओ बाय! मारतंस कशाला?"

"शॉक लागलाय ना तुमाला!"

"शॉक तू दिलास. मी पाणी ऐकतोय." मनगट चोळत त्यानं तो पेचकस माझ्या हातात दिला. "तू पण ऐक. हितं वळणावर बघ कसं धापा टाकतंय. आणि हितं सरळ पाइपात बघ, कसं गुमान जातंय."

मी कान लावला. खरंच, वळणापाशी पाणी दम लागल्यासारखं घरघरत होतं. लोखंडाच्या आत कोणीतरी जिवंत असल्यासारखं.

हे मोरेश्वर मिस्त्री. माहीमचे. मुंबईचं माहीम नव्हे, आपलं केळव्याजवळचं. घरची पानवेलीची वाडी. लहानपणापासून वडिलांबरोबर पाटानं वेलांना पाणी लावायचं काम केलेलं. पाट काटकोनात खणला की कोपरा खचतो आणि पाणी तिथंच घोटाळत राहतं, गोल वळण दिलं की पाणी गपगुमान पुढं जातं, हे त्यांना पाइप बघायच्या आधीपासून ठाऊक होतं. पुस्तकी शब्द त्यांनी नंतर, गुजराथी फिटरांकडून आणि जुन्या इंजिनियरच्या फाटक्या पुस्तकातून उचलले. पण बोलताना ते 'प्रेशर' म्हणायचे नाहीत. 'दम' म्हणायचे. पाणी पंपातून निघालं तेव्हा दम किती, कुठल्या एल्बोला किती गेला, कुठल्या व्हॉल्व्हनं किती खाल्ला, हे सगळं ते एका जाड वहीत लिहायचे. आम्ही तिला दमाची वही म्हणायचो.

आठवडाभर कारखान्याजवळ बोईसरला खोलीवर राहायचे आणि रविवारी माहीमला जायचे. सायकल चालवतानासुद्धा वळण आलं की एवढं मोठं अर्धवर्तुळ घ्यायचे, की समोरचा ट्रकवाला शिव्या घालायचा. आमचा रिॲक्टरवरचा ऑपरेटर रामसूरत, तो यूपीचा. तो त्यांना 'सीधे काका' म्हणायचा. कँटीनमध्ये टेबलांना वळसा घालून न जाता मिस्त्री सरळ बाकांवरून पाय टाकत जायचे. रामसूरत ओरडायचा, "काका, हमारी दाल में पैर मत डालना!" मिस्त्री म्हणायचे, "वळसा घेतला तर भूक उतरते."

मला त्यांनी काटा वाचायला शिकवलं. सकाळी आले की दारातूनच विचारायचे, "कुसुमबाय, किती?" मी घड्याळासारख्या त्या गेजचा काटा बघून आकडा सांगायचा. पंपाजवळचा सांगितला की म्हणायचे, "पहिल्याचं कोण इचारतंय? शेवटच्याला किती पोचलं ते सांग. शेवटच्या वेलाला पाणी पोचलं तरच वाडी." मग मी पळत शेवटच्या रिॲक्टरपर्यंत जाऊन बघून यायची. एकदा शेडमध्ये वाफ दाटलेली, काटा दिसेना, मी आपला कालचाच आकडा सांगितला. त्यांना कसं कळलं देव जाणे. वही मिटली आणि म्हणाले, "नाय दिसलं तर नाय दिसलं म्हणायचं. अंदाजानं लिहायचं नाय, बाय. आपल्या एका खोट्या आकड्यापायी उद्या माणूस भाजेल." आवाज चढवला नाही, पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी त्यांनी माहीमच्या कोळ्यांकडून जाळी विणायच्या हिरव्या नायलॉनचं रीळ आणलं आणि रीडिंगच्या फळीला माझं पेन बांधून दिलं. "आता पेन हरवलं, ही सबब नाय." उरलेलं रीळ मला देऊन टाकलं.

एकदा मी हुशारी दाखवायला गेले. म्हटलं, "मिस्त्री, पाइप दुप्पट रुंद घातला तर दम निम्माच जाईल ना?"

"निम्मा नाय. बत्तिसावा हिस्सा."

"काय?"

"बत्तिसावा. तेवढंच पाणी न्यायचं असेल तर." आणि वहीत मांडून दाखवलं. मला ते गणित तेव्हा कळलं नाही, अजूनही पुरतं कळत नाही. पण मी थक्क होऊन त्या आकड्याकडे बघत राहिले, ते आठवतं. आपल्या डोळ्यांसमोरच्या लोखंडी नळीत असलं काही चाललेलं असतं, आणि आपण तिच्यावर फडकी वाळत घालतो!

कारखान्याच्या मोठ्या साहेबांच्या केबिनची गंमत तर सगळ्या वसाहतीत गाजली. पंपहाऊसमधून शेडकडे जाणारी लाइन साहेबांच्या केबिनला वळसा घालून जायची, चार एल्बो. मिस्त्री एक दिवस शांतपणे म्हणाले, "साहेब, तुमची भिंत मधे येतेय." साहेब पुण्याचे, ताडकन उठले. "म्हणजे पाइप माझ्या डोक्यावरून नेणार का तुम्ही?" मिस्त्रींनी वाद घातला नाही. अंगणात सारख्या लांबीच्या दोन नळ्या टाकल्या, दोन्ही एकाच टाकीला जोडलेल्या. एक सरळ, दुसरीत आठ एल्बो. खाली दोन बादल्या ठेवल्या. "साहेब, घड्याळ धरा." सरळ नळीची बादली भरून वाहायला लागली तेव्हा दुसरीत पाणी निम्म्याच्या जरा वर होतं. साहेबांनी घड्याळ खिशात घातलं. मग म्हणाले, "पाडा भिंत."

पाइप साहेबांच्या खुर्चीमागून, या भिंतीतून त्या भिंतीत गेला. नंतर मुंबईहून पाहुणे आले की साहेब त्यावर थाप मारून सांगायचे, "हा आमच्या मिस्त्रींचा पाइप." इतका मान होता त्यांचा. पुढचं समजायला हे ध्यानात ठेवा.

मग कारखाना वाढला. लांबच्या टोकाला नवी शेड, तीन रिॲक्टर. रिॲक्टर म्हणजे आपलं मोठं बंद पातेलंच. आतला माल आपल्या आपण तापतो, म्हणून भोवतीच्या दुहेरी भिंतीतून गार पाणी सारखं खेळतं ठेवावं लागतं. पाणी थांबलं की आतलं उसळतं. मुंबईचे इंजिनियर म्हणाले, एवढ्या लांब पाणी जाणार नाही, मोठा पंप घ्या. मिस्त्री म्हणाले, "पंपात दम हाय. पाइप खातोय." चार रविवार माहीमला न जाता त्यांनी गणित मांडलं. जुन्या लाइनला बावीस एल्बो होते, मधेच पाइप अरुंद झालेला, दोन बिनकामाचे व्हॉल्व्ह. नव्या लाइनला नऊच एल्बो, तेही मोठ्या गोल वळणाचे, आणि पाइप सगळीकडे चार इंची.

साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "मिस्त्री, खात्री?"

"एका पंपावर शेवटच्या रिॲक्टरला दीड किलो दम देतो. नाय दिलं तर परत पाइपाला हात लावणार नाय."

लाइन चालू झाली त्या दिवशी शेवटच्या गेजपाशी त्यांनी मलाच उभं केलं. लांबून ओरडले, "कुसुमबाय, किती?" मी तीनदा बघितलं. "एक पॉइंट सहा!" मिस्त्री पंपहाऊसच्या पायरीवर मटकन खाली बसले. रामसूरतनं त्यांना खांद्यावर घेतलं. तेव्हाही ते ओरडत होते, "अरे, सरळ चाल, सरळ!"

आठ दिवसांनी दसरा आला. यंत्रांची पूजा असायचीच. साहेबांनी आदल्या दिवशी बजावलं होतं, "पूजा करा, पण नंतर पंपहाऊसमध्ये एक पाकळी जरी दिसली, तर ज्यानं टाकली तो त्याच दिवशी घरी." ठेक्यावरच्या माणसाला घरी पाठवायला कागदसुद्धा लागत नव्हता. आणि त्या वर्षी भात करपलेला, घर माझ्या पगारावर चाललं होतं.

पण मिस्त्रींच्या लाइनचा पहिला दसरा! मी परसातला सगळा झेंडू खुडला. पहाटे उठून पुरुषभर लांब माळ ओवली आणि त्या पाइपाला घातली. मिस्त्री नुसते हसले. म्हणाले, "नवरीला पण एवढी घालत नायत." संध्याकाळी मी माळ उतरवली, एक पाकळी मागे ठेवली नाही. निर्माल्य कचऱ्यात कसं टाकायचं? आमच्याकडं ते पाण्यात सोडतात. मी सोडलं. आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला मी पंपहाऊसमध्ये फळीशी उभी होते. गेजचा काटा थरथरायला लागला. बघता बघता खाली. मी डोळे चोळले. तेवढ्यात शेडकडून रामसूरतची आरोळी, "पानी नहीं आ रहा! पानी!" मिस्त्री कुठून धावत आले कळलं नाही. मला ढकललंच त्यांनी. "कुसुमबाय, घंटा दे! आणि शेडीत जा, सगळ्यांना भायेर काढ!"

मी घंटा बडवली, धावले, बायामाणसांना ओढून बाहेर काढलं. आम्ही फाटकाशी पोचतो न पोचतो तोच धाडकन आवाज झाला. रिॲक्टरच्या डोक्यावरची, दाब वाढला की फुटावी म्हणून बसवलेली पातळ तबकडी फुटली आणि नारिंगी धूर निघाला. समोरच्या आंब्याची पानं बघता बघता नारिंगी झाली. सगळे पदर, रुमाल नाकाला लावून उभे. डोकी मोजली. सगळी होती, मिस्त्री तेवढे पंपहाऊसमध्ये. कोणाला खरचटलंसुद्धा नाही.

धूर निवल्यावर साहेबांमागून आम्ही पंपहाऊसमध्ये गेलो. दोन्ही पंप घणघणत चालू होते, नेहमीचा आणि राखीव ठेवलेला. काटा वर चढलेला. मिस्त्री दोन्ही खांद्यांपर्यंत भिजलेले. खाकी पँटीचा खिसा फुगलेला आणि त्यातून पाणी गळत होतं.

साहेब म्हणाले, "दुसरा पंप लावल्यावर प्रेशर आलं?"

"होय."

"म्हणजे एका पंपावर लाइन चालत नाही."

मिस्त्री भिजलेली बाही पिळत राहिले.

"मिस्त्री, मी काय विचारतोय? तुमचं गणित चुकलं?"

मला वाटलं, आता हा माणूस वही उघडेल, आकडे तोंडावर फेकेल. त्यांनी एकदा माझ्या रीडिंगच्या फळीकडे पाहिलं.

"होय साहेब. चुकलं."

मी सुन्न झाले. सूर्य पश्चिमेला उगवला असता तरी मी एवढी हबकले नसते. रामसूरत रडायलाच लागला. "काका, झूठ! बोलो झूठ है!"

पुढच्याच महिन्यात मोठा पंप आला. मिस्त्रींनी शब्द दिला होता, तो पाळला. पाइपाला हात लावला नाही. साहेबांनी त्यांना स्टोअरमध्ये बसवलं, नटबोल्ट मोजून द्यायला. निवृत्त होईपर्यंत चार वर्षं ते तिथं होते. कोणी उठायचा आणि खिडकीतून विचारायचा, "काय मिस्त्री, नऊ एल्बो आहेत का शिल्लक?" ते हातातला डबा पुढं सरकवायचे.

दुसरे बोलले त्यांचं सोडा. मीसुद्धा एकदा बोलले. म्हटलं, "मिस्त्री, गणित अजून एकदा तपासायचं होतं."

"होय गं, बाय," म्हणाले. "तपासायला पायजे होतं."

पुढच्या दसऱ्याला मात्र स्वतःहून माझ्याकडे आले. इकडतिकडचं बोलले आणि जाता जाता म्हणाले, "निर्माल्य पाण्यात सोडू नको. नारळाच्या बुडाशी घाल, खत होतं." मला वाटलं, म्हातारपणाची लहर. पण तसं करायला लागले. त्याच वर्षी साहेबांनी मला ठेक्यावरून काढून कायम केलं, रीडिंग घेणारी म्हणून. पहिल्या पगाराचे पेढे मी स्टोअरच्या खिडकीत दिले. त्यांनी दोन खाल्ले.

मग बरीच वर्षं गेली. धाकटीच्या लग्नाची पत्रिका द्यायला मी माहीमला गेले. गावात तोवर फोनचा पिवळा बूथसुद्धा आला होता. मिस्त्री वाडीत होते. वहिनींनी मला ओटीवर बसवलं, कोकमाचं सरबत दिलं आणि त्यांना हाक मारायला गेल्या. कोनाड्यात दमाची वही दिसली. जुनी ओळखीची वस्तू, मी सहज काढली. पानं चाळता चाळता नऊ एल्बोंचं पान आलं. त्यांचं ते गोल अक्षर: पंपाजवळ दम चार किलो. सरळ पाइपात गेला शून्य पॉइंट नऊ. नऊ एल्बोंत पॉइंट पाच. व्हॉल्व्हमध्ये पॉइंट तीन. चढाला पॉइंट सात. शेवटी उरला एक पॉइंट सहा.

त्याच्याखाली दुसऱ्या शाईनं लिहिलं होतं:

"दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. पंपाच्या तोंडाच्या गाळणीत झेंडूची माळ, एक. शेवटी उरला शून्य. माळ काढली. एकाच पंपावर, पंपाजवळ पुन्हा चार किलो. गणित बरोबर. मग दुसरा पंप लावला."

दोन पानांच्या मधे हिरव्या नायलॉनचा दोरा होता. गुंडाळी करून ठेवलेला.

सरबताचा पेला हातातून केव्हा कलंडला ते कळलं नाही. मी त्या संध्याकाळी निर्माल्य सोडलं होतं ते कूलिंग टॉवरच्या हौदात, रिॲक्टरचं तापलेलं पाणी गार होऊन पडतं त्यात. जवळ तेवढंच तर पाणी होतं! त्याच हौदातून पंप पाणी ओढतो, हे मी रोज बघत होते, रोज लिहीत होते, आणि माझ्या टाळक्यात आलं नाही. सुतात ओवली असती तर तुटून तरी गेली असती. मी कोळ्यांच्या नायलॉनमध्ये ओवली होती. वसाहतीत तो दोरा एकाच बाईकडं होता, आणि तो तिला कोणी दिला ते त्यांना ठाऊक होतं. खिसा का फुगला होता, फळीवरच्या पेनाकडे का बघितलं, सगळं एकदम अंगावर आलं. गणित बरोबर असल्याचं स्वतःच्या डोळ्यांनी बघून मग या माणसानं दुसऱ्या पंपाचं बटण दाबलं होतं. साहेबांनी यावं आणि गणितच चुकलं असं म्हणावं म्हणून. आणि ज्याला एक खोटा आकडा सोसवत नव्हता, त्यानं वहीत मात्र खरं तेच लिहिलं होतं.

मी वही घेऊन तशीच वाडीत गेले. मिस्त्री नव्या प्लास्टिकच्या पाइपाशी उकिडवे बसले होते, पेचकसाची मूठ कानाला. पार वाळले होते. मला बघून त्यांनी हातानंच 'थांब' म्हटलं. ऐकून झाल्यावर माझ्या हातातली वही बघितली. चेहरा पडला त्यांचा, चोरी पकडल्यासारखा.

"मिस्त्री," मी म्हटलं, "मी सांगते साहेबांना. अजून सांगते. रामसूरतला सांगते, सगळ्या वसाहतीला सांगते."

"साहेब गेले पुण्याला. रामसूरत गेला गावाला." काठी टेकत ते उठले. "तुला तेवा काढली असती, बाय. त्याच दिवशी. मला काय, नुसतं स्टोअरात बसवलं."

"पण तुमचं नाव..."

त्यांनी ऐकलंच नाही. वाडीच्या पार टोकाला, शेवटच्या वेलाजवळ पाइपाला एक गेज बसवलेला होता, कारखान्यातलाच जुना, काचेला तडा गेलेला. काठीनं तिकडं दाखवलं.

"आलीच हायस तर जा. शेवटच्याला किती पोचलं, बघ."

मी गेले. काट्यासमोर उभी राहिले. वेलांमधून त्यांची हाक आली, पूर्वीसारखीच, "कुसुमबाय, किती?"

डोळे एवढे भरलेले, की मला काचसुद्धा दिसेना. पदरानं पुसले, परत भरले.

"नाय दिसत, मिस्त्री!"

"मग नको सांगू," तिकडून आवाज आला. "अंदाजानं सांगायचं नाय."

मी मागे वळून पाहिलं तर ते निघाले होते. वाट वाडीच्या कडेनं वळसा घालून घराकडं जात होती. ते मात्र लुंगी वर खोचून, पाट ओलांडत, वेलांच्या दोन ओळींमधून सरळ चालले होते.